हातातली कला, जातीचं ओझं आणि कठिन चीवर





आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर काहीतरी लिहा, असं मला सांगण्यात आलं. इतिहास म्हटला की आपण सत्याग्रह, परिषदा आणि धम्मदीक्षा यांवर लिहितो. ते लिहिलंच पाहिजे. पण या वेळी मी आपल्या हातांचा इतिहास सांगणार आहे. या हातांनी काय केलं, त्यांच्याकडून काय करून घेतलं गेलं आणि आता त्यांनी काय करावं, हा माझा विषय.

हा विषय घ्यायला कारण घडलं. अलीकडे शहरांमध्ये 'जुन्या कला वाचवा, परंपरागत हस्तकला पुन्हा सुरू करा' अशी हाक ऐकू येते. प्रदर्शनं भरतात, शिबिरं होतात. मातीच्या चाकावर बसणं म्हणजे साधना, विणकाम म्हणजे ध्यान, असंही सांगितलं जातं. ऐकायला हे गोड वाटतं. पण आपल्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसापुढे 'परंपरागत काम' हा शब्द उच्चारून बघा. त्याच्या कपाळाला आठी पडते. परंपरेनं आपल्याला कोणतं काम दिलं होतं, ते त्याला पुरतं ठाऊक असतं. म्हणून आपल्याला हा विषय नीट तपासून घेतला पाहिजे. वारसा कशाला म्हणायचं आणि ओझं कशाला, याची निवड आधी करावी लागेल.

परंपरेनं दिलेलं काम

गावगाड्यात महाराला वतनाचं काम होतं. वेशीवर पहारा, सरकारी टपाल पोचवणं, सारा भरायला लोकांना बोलावणं, शिवेचा वाद सांगणं आणि मेलेलं ढोर ओढणं. बदल्यात बलुतं आणि शिळी भाकरी. मांगाला दोरखंड आणि केरसुणी, चांभाराला मोट आणि पायतण, ढोराला कातडं कमावणं, बुरुडाला टोपल्या आणि सुपं. यातल्या कितीतरी कामांना मोठं कौशल्य लागतं. कच्च्या कातड्याचं मऊ चामडं करणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. पण कौशल्याला मान नव्हता, आणि नको म्हणायची मुभाही नव्हती. मुलगा जन्माला आला की त्याचं काम ठरलेलं असे.

१९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनपर्यंत ही मुलं ज्या रेल्वेनं गेली, तो आपल्या रहिमतपूरवरून जाणारा मार्ग. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. म्हणजे बघा, ज्या हाताच्या स्पर्शानं गाडी बाटते, त्याच जातीच्या हातानं गावातलं मेलेलं ढोर ओढलेलं मात्र गावाला चालत होतं.

म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेली ढोरं ओढणं सोडा, त्यांचं मांस खाणं सोडा, भाकरी मागणं सोडा. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावं लागलं. वतनाची जमीन जाईल, बलुतं बंद होईल, खायचं काय, अशी भीती तेव्हा घरोघरी होती. तरीही आपल्या आज्या-पणज्यांनी ते काम टाकलं. उपाशी राहून टाकलं. आपल्या मुक्तीचा इतिहास अशा रीतीनं एक काम सोडण्यापासून सुरू झाला, हे तरुणांनी विसरू नये.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिव्यवस्थेचं उच्चाटन' या विषयावर जे भाषण छापलं, त्यात एक फार मोलाचा मुद्दा आहे. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. ज्या कामात माणसाचं मन नाही आणि डोकंही नाही, ते काम तो चांगलं कसं करील, असा त्यांचा सवाल होता. माझ्या आजच्या लेखाचा पाया हाच आहे. काम कोणतं, एवढ्यावरून ते हलकं किंवा भारी ठरत नाही. ते निवडलेलं आहे की लादलेलं, त्यात मन आहे की नाही, आणि त्याचा मोबदला मिळतो की नाही, हे बघावं लागतं.

धोट्याचा दोरा

आता मी ज्या क्षेत्रात पोट भरतो त्याची गोष्ट. मी सूतगिरणीतला कामगार. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधत माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे सुताचा इतिहास वाचायची मला आवड लागली.

पुष्कळ लोकांना माहीत नसतं की विणकाम हे आपल्याही समाजाचं जुनं काम आहे. विशेषतः विदर्भात अनेक महार कुटुंबं जाडंभरडं सुती कापड विणून पोट भरत. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि त्यांचे हातमाग मागं पडले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे आपले कितीतरी लोक तिथं कामाला लागले. पश्चिम महाराष्ट्रातून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. सातारा जिल्ह्यातल्या गावागावांतून गेली.

तिथं काय झालं? मुंबईच्या गिरण्यांमध्ये सगळ्यात बरा पगार साळखात्यात, म्हणजे विणाई खात्यात होता. त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण ऐकून आज हसू येईल, पण पोटावर पाय आणणारं कारण होतं ते. धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. दोऱ्याला थुंकी लागणार, म्हणून स्पृश्य कामगार म्हणत की आम्हाला विटाळ होईल. ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या विणकर होते, त्याच समाजाला यंत्राच्या मागावर बसायला बंदी! १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. सगळे कामगार एक म्हणता, मग साळखात्याचं दार आमच्या माणसाला बंद का, असा तो प्रश्न होता.

या गोष्टीतून मी दोन धडे घेतो. पहिला धडा असा की यंत्र आलं म्हणून जात आपोआप जात नाही. दुसरा धडा असा की बाबासाहेबांनी 'गिरणी सोडा आणि चरख्याकडे परत चला' असं कधी सांगितलं नाही. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्रामुळं माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत असेल तरच गरीब माणूस वाचू शकतो, विचार करू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा जुन्या कलेच्या नावाखाली कोणी आपल्याला पुन्हा गावगाड्यात बसवायला निघाला, तर त्याला हात जोडून नको म्हणायचं.

मग हातांच्या कलेचं काय करायचं? ती टाकूनच द्यायची? याचं उत्तर शोधायला आपल्याला आणखी मागं जावं लागेल, सुमारे दोन हजार वर्षं मागं.

लेण्यांमध्ये कोरलेली कारागिरांची नावं

आपल्यापासून फार लांब नको. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूला, साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कऱ्हाडचं प्राचीन नाव करहाकट किंवा करहाकड. या नगरीच्या निगमानं, म्हणजे नगराच्या लोकांनी, थेट मध्य भारतातल्या भरहुत स्तूपाला दान दिल्याचा लेख तिथल्या दगडी कठड्यावर आहे. आणि रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एक लेणं आहे, ते करहाकडच्या महिक नावाच्या माणसानं दान दिलं. हा महिक कोण? लोखंडाचा व्यापारी. कऱ्हाडचा लोखंडवाला घाट उतरून कोकणात लेणं कोरायला पैसे देतो आणि आपलं नाव धंद्यासकट कोरून ठेवतो. धंद्याची लाज वाटली असती तर त्यानं तो कोरला असता का?

असे लेख सगळीकडे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा दरवाजा धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुतारानं केला, असा लेख तिथं आहे. कान्हेरीला कल्याणच्या एका लोहारानं पायवाट करून दिली. सांचीच्या दक्षिण तोरणावरचं कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं, आणि राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य आनंद यानं त्याच तोरणाचा भाग दान दिला. जुन्नरच्या लेखांत बुरुडांची श्रेणी आहे आणि काशाची भांडी करणाऱ्या कासारांची श्रेणी आहे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. लोक या श्रेणीकडे कायमची ठेव ठेवत आणि तिच्या व्याजावर धम्मकार्य चाले. म्हणजे ज्याला पुढे गावकुसाजवळ बसवलं, तो बुरूड त्या काळी बँकेसारखा विश्वासाचा माणूस होता.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरचा, आपण ज्याला पांडवलेणी म्हणतो तिथला, लेख तर प्रत्येकानं समजून घ्यावा असा आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात यानं सुमारे १९०० वर्षांपूर्वी ३००० कार्षापण नाणी गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ नाणी चीवरासाठी द्यायची. आता हिशोब करा. २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे २४०. पैचाही फरक नाही! हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला. राजाचा जावई विणकरांवर विश्वास टाकतो, विणकर पैसा फिरवतात आणि त्यांच्या व्याजातून भिक्खूंच्या अंगावर वस्त्र येतं.

त्याच डोंगरावर विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. तिनं कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली, कशासाठी, तर आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. एका बाईनं केलेली ही तजवीज आहे, हे माझ्या भगिनींनी लक्षात ठेवावं.

यातून मी काय म्हणतो? त्या काळी सगळं सोन्याचं होतं, असं मी म्हणत नाही. पण धम्माच्या छायेत हातानं काम करणाऱ्याला नाव होतं, पत होती आणि दान देण्याची ऐपत होती. हा आपला खरा वारसा. बलुतं हा आपला वारसा नव्हे.

भगवंतांनी सुईत दोरा ओवला

आता प्रश्न साधनेचा. हस्तकला ही धम्माची साधना होऊ शकते का? त्रिपिटकात याची उदाहरणं जागोजागी आहेत.

सतिपट्ठान सुत्तात श्वासावर लक्ष कसं ठेवावं हे सांगताना भगवंतांनी कोणाचं उदाहरण दिलं? कातारी, म्हणजे चरकावर लाकूड उतरवणारा कारागीर किंवा त्याच्या हाताखालचा शिकाऊ. लांब फेर घेताना त्याला कळतं की आपण लांब फेर घेतोय, आखूड घेताना कळतं की आखूड घेतोय. तसंच श्वासाचं. रिंगफ्रेमवर काम करणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. चित्त दुसरीकडे गेलं की धागा तुटतो, बोटही सापडतं.

मज्झिम निकायात घटिकार कुंभाराची कथा आहे. तो पूर्वीच्या कस्सप बुद्धांच्या काळातला. आंधळ्या आई-बापांना सांभाळी. माती खणताना जीव मरतील म्हणून तो जमीन खणत नसे. काठाची ढासळलेली माती किंवा उंदरांनी उकरलेली माती घेई. भांडी तयार झाली की मांडून ठेवी आणि म्हणे, ज्याला हवं त्यानं तांदूळ, मूग किंवा हरभरे ठेवावेत आणि भांडं न्यावं. हीच सम्यक आजीविका. भगवंतांनी उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. त्या यादीत हातकामाचा एकही धंदा नाही.

विनयपिटकात, चुल्लवग्गात, वैशालीच्या एका गरीब शिंप्याची गोष्ट येते. त्याला संघासाठी स्वतःच्या हातानं विहार बांधायची इच्छा झाली. त्यानं चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. सवय नसल्यानं भिंत वाकडी झाली आणि पडली. दुसऱ्यांदा पडली, तिसऱ्यांदा पडली. तो चिडून म्हणाला की जे चीवर देतात, भिक्षा देतात, त्यांना हे श्रमण उपदेश करतात, मी गरीब म्हणून मला कोणी सांगत नाही. हे भगवंतांच्या कानावर गेलं. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामावर देखरेख करून माहिती देणारा भिक्खू नेमायची परवानगी त्यांनी दिली. गरिबाच्या तक्रारीवरून संघात नवा नियम झाला! कौशल्य लपवून ठेवायचं नसतं, ज्याला येत नाही त्याला शिकवायचं असतं, हा त्याचा अर्थ.

आणि आता चीवर. सुरुवातीला भिक्खू उकिरड्यावर, स्मशानात टाकलेली फडकी गोळा करून, धुऊन, जोडून नेसत. त्याला पांसुकूल चीवर म्हणतात. पुढे मगधातली शेतं, त्यांचे बांध आणि चौकोन बघून भगवंतांनी आनंदाला विचारलं की चीवर असं शिवता येईल का. आनंदानं तसे खंड पाडून चीवर शिवलं आणि भगवंतांनी त्याची वाखाणणी केली. आजही भिक्खूंच्या चीवरावर शेताच्या बांधासारखे जोड दिसतात ते यामुळे. नीट बघा, ज्याच्या अंगावर चीवर आहे त्याच्या अंगावर शेतकऱ्याचं शेत आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितलंय की अनुरुद्ध थेरांचं चीवर फाटलं होतं. त्यांचं चीवर शिवायला सगळा संघ बसला. एका टोकाला महाकस्सप, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद. भिक्खू सूत कातू लागले, मोग्गल्लान लागेल ते आणून देऊ लागले. आणि भगवंतांनी स्वतः सुईत दोरा ओवला. बंधूंनो, आपल्याकडे शिवण हे बायकांचं काम समजतात. पुरुषानं सुई धरली तर लोक हसतात. हसणाऱ्यानं ही कथा वाचावी.

'कठिन' हा शब्दही मुळात शिवणकामातलाच आहे. ज्या लाकडी चौकटीवर कापड ताणून चीवर शिवत, ती चौकट म्हणजे कठिन. विनयात सुया, सुईची नळी, अंगुस्ताना, शिवणाची जागा या सगळ्यांचे नियम आहेत. वर्षावास संपला की आश्विन पौर्णिमेनंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठिन चीवरदानाचा काळ. कापड मिळालं की त्याच दिवशी कापायचं, शिवायचं, रंगवायचं आणि पुरं करायचं. मोठा-लहान सगळ्यांनी हात लावायचा. रंगासाठी मुळं, लाकूड, साल, पानं, फुलं आणि फळं यांना मुभा आहे.

थायलंडमध्ये अजून काही ठिकाणी कापूस वेचण्यापासून ते चीवर अर्पण करण्यापर्यंत सगळं एका दिवसात करतात, त्याला चुल कठिन म्हणतात. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास स्त्रिया रात्रभर माग चालवून पहाटेपर्यंत चीवर विणतात आणि बुद्धमूर्तीला अर्पण करतात. हा तिथं उत्सव आहे, साधना आहे आणि विणकामाची शाळाही आहे. कारण दरवर्षी हे करायचं म्हणजे दरवर्षी कोणीतरी नव्यानं विणायला शिकतंच.

शेजारची दोन उदाहरणं

कला नव्यानं कशी जगते, याची उदाहरणं आपल्याच रेल्वेमार्गावर आहेत. खाली मिरजेला चला. तिथली सतार आणि तंबोरा देशभर प्रसिद्ध. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. हे काम सुरू करणारे फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं करणाऱ्या आणि पाजळणाऱ्या घराण्यातले. हत्यारांचे दिवस संपले तेव्हा त्यांनी त्याच हातांचं कसब वाद्यांकडे वळवलं. पंढरपूर भागातला भोपळा, लाकूड आणि तार. ज्या हातात तलवार यायची त्या हातात तंबोरा आला! त्यांनी वडिलांचा धंदा धरून ठेवला नाही, कसब धरून ठेवलं. मला वाटतं, वारसा जपणं याला म्हणावं.

दुसरं उदाहरण कोल्हापुरी चपलेचं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. म्हणजे आपला सातारा जिल्हाही त्यात आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्रादा कंपनीनं तशाच चपला आपल्या फॅशन शोमध्ये दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. ओरड झाल्यावर त्यामागं भारतीय कारागिरी आहे हे कंपनीनं मान्य केलं. ज्या चपला करणाऱ्याच्या सावलीचा विटाळ मानला, त्याच्या कामाला परदेशात केवढी किंमत! पण किंमत चपलेला आली आणि करणाऱ्याच्या घरात काही आलं नाही, तर तो वारसा जपला असं म्हणता येणार नाही.

सरकारनंही १७ सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा परंपरागत धंद्यांसाठी प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजानं कर्ज. ज्याला गरज आहे त्यानं जरूर फायदा घ्यावा, हक्काचा पैसा आहे. फक्त एक सांगतो. कुटुंबात चालत आलेला धंदा म्हणून चांभाराच्या पोरानं चांभारकीच करावी, असं मनात धरू नका. आपल्या पोरीनं संगणक शिकावा, आणि ज्याला आवड असेल त्या कोणाही जातीच्या पोरानं चामड्याचं काम शिकावं. तसं होईल त्या दिवशी ती कला जातीतून सुटली असं समजायचं.

आपण काय करू शकतो

नुसतं भाषण करून मी थांबणार नाही. आपल्या घरांत एक कला अजून जिवंत आहे. वाकळ, म्हणजे गोधडी. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे जोडून, धावदोरा घालून आपल्या आया-आज्या वाकळ शिवतात. टाकलेल्या फडक्यांतून ऊब तयार करायची ही कला आणि पांसुकूल चीवर यांचं नातं तुम्हीच जुळवा. आता घरोघरी दुकानातली ब्लँकेटं आली आणि वाकळ शिवणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून निघून चालल्या. त्यांच्याबरोबर तो टाका जाईल.

म्हणून माझी विहार समितीला आणि आपणा सर्वांना नम्र सूचना आहे. दुकानातून तयार चीवर आणून आपण दान देतो, त्यात श्रद्धा आहेच. पण पुढच्या कठिन चीवरदानाला एक तरी चीवर आपल्या हातचं असावं. हातमागाचं सुती कापड विणकराला पुरी किंमत देऊन, घासाघीस न करता आणावं. विधीचे नियम भन्तेजी सांगतील त्याप्रमाणेच सगळं व्हावं. खंड मोजून कापावेत. ज्या आज्यांना धावदोरा येतो त्यांनी मध्ये बसावं आणि पोरापोरींनी त्यांच्याकडून शिकावं. पुरुषांनीही सुई धरावी. रंगासाठी फणसाच्या लाकडाचा गाभा किंवा बाभळीची साल उकळावी. शिवताना मोबाईल बंद ठेवावा आणि टाका घालताना टाक्यावर लक्ष ठेवावं. ध्यानाला याहून वेगळी जागा शोधायला नको.

आणि त्याच्या आधी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन आगाशिवाच्या लेण्यांत जावं. तिथं बसून त्यांना करहाकडच्या लोखंडवाल्या महिकाची, गोवर्धनच्या विणकरांची आणि साळखात्याच्या बंद दाराची गोष्ट सांगावी. तिन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. नुसती पहिली सांगितली तर पोरं गर्वानं फुगतील, नुसती शेवटची सांगितली तर खचतील.

या कामाला फार पैसा लागत नाही. सुई, दोरा, कापड, एक मोठं पातेलं आणि एक दिवस. आपल्या आज्या-पणज्यांनी लादलेलं काम टाकायला जे धैर्य दाखवलं, ते थोर होतं. आता आवडीचं काम मनानं हातात घेण्याची आपली पाळी आहे. ज्या मानवी हातांचा कोणी विटाळ मानला, त्याच हातांनी शिवलेलं चीवर आपल्या भन्तेजींच्या अंगावर दिसावं, एवढीच माझी इच्छा.

भवतु सब्ब मंगलं.

जय भीम! नमो बुद्धाय!

— एक गिरणी कामगार, रहिमतपूर